उज्ज्वला, शेवटच्या पत्त्याला तू काय पाहिलंस

उज्ज्वला,

परवा महागावहून तुझी मावशी आली. चहा नको म्हणाली, पाणीही अर्धंच प्यायली, आणि तुझ्या फोटोसमोर बराच वेळ बसून राहिली. गॅरेजवर आपल्याबरोबर पत्ते खेळणारी मंडळी त्या दिवशी स्मशानात आली होती, त्यांच्या बोलण्यातून तिच्या कानावर काहीतरी गेलं असावं. पदरानं डोळे पुसत तिनं मला हळूच विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. आमची पोट्टी जुगार खेळे काजी?"

"पैसे नव्हतो लावत मावशी," मी म्हणालो. "गोव्याला एकदा स्पर्धेची फी भरली, तेवढीच. बाकी नुसता डाव. बुद्धिबळासारखा."

"बुद्धिबळात पत्ते असतेत का?"

मग मी कपाटातून तुझा पत्त्यांचा कॅट काढला आणि सतरंजीवर मांडून तिला दाखवलं. दर डावाला दोघांना पत्ते बघायच्या आधीच आपल्या टिकल्यांतल्या, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांतल्या, काही मधे ठेवाव्या लागतात. ज्याला जास्त ठेवाव्या लागतात तो बिग ब्लाइंड. पाळीपाळीनं सगळ्यांवर येते ती वेळ. त्यानंतर प्रत्येकाला दोन दोन पत्ते मिळतात, आणि ज्याला आपले पत्ते बरे वाटतात तो मधे घालायच्या टिकल्यांचा आकडा वाढवतो. आता बिग ब्लाइंडवाल्यानं ठरवायचं, की आणखी थोड्या टिकल्या घालून डावात राहायचं, की आधी दिलेल्या सोडून बाजूला व्हायचं.

"म्हंजे पाहल्याबिगरच द्याचे?" मावशी म्हणाली.

"हो. आणि एकदा दिले की ते आपले राहत नाहीत."

"मंग जाऊ द्याचे. गेलेले गेले."

"मीही तेच म्हणायचो."

"आन ते काय म्हणे?"

"ती नाही सोडायची."

मावशी पहिल्यांदा जराशी हसली. "ल्हानपनीबी सोडे नाई ते," एवढंच म्हणाली, आणि माझ्या हातातला कॅट घेऊन उगाच पत्ते सारखे करत बसली. पुढचं तिला मी सांगितलं नाही. ते तुलाच सांगायचं आहे. तुला सगळं माहीत आहे, तरीही.

इरफान आखातात काही वर्षं गाड्या दुरुस्त करून परत आला आणि त्यानं लोहाऱ्याला, मी ज्या कारखान्यात विजेचं काम बघतो त्याच्याच रस्त्यावर, गॅरेज टाकलं. हा खेळ तो तिकडच्या कामगारांच्या खोलीत शिकला होता. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही पाचसहा जण त्याच्या माळ्यावर बसायला लागलो. "पैसा आला तर मी उठलो," असं इरफाननं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि ते सगळ्यांनाच बरं वाटलं. टिकल्या म्हणून त्याच्याच डब्यातले नटबोल्टचे लोखंडी वायसर होते, लहान, मधले आणि मोठे. डाव संपला की हाताला ग्रीसचा वास यायचा. जिंकणाऱ्याला काही मिळायचं नाही. पुढच्या रविवारपर्यंत टोमणे मारायचा हक्क तेवढा मिळायचा.

तू आलीस ती माझा विसरलेला चष्मा घेऊन. जिना चढून वर आलीस, चष्मा दिलास, आणि गेली नाहीस. आमच्या पाठीमागं उभं राहून दोन डाव पाहिलेस, मग एक रिकामा डबा उलटा करून त्यावर बसलीस.

"मले बी वाटा," तू म्हणालीस.

इरफान म्हणाला, "भाभी, पयले समजून तं घ्या."

"वाटा तं. खेळता खेळता समजते."

खरंच समजलं. किती लवकर समजलं ते आठवलं की मला आजही नवल वाटतं. वर्षभरात त्या माळ्यावर तुझ्या बिग ब्लाइंडला हात लावायच्या आधी लोक दोनदा विचार करायला लागले.

मी यावर खूप विचार केला आहे. आर्णी रोडवरच्या तुझ्या पार्लरमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझ्या हाताखाली बायकांचे चेहरे असायचे. डोळे मिटून पडलेल्या बायका तुला काय काय सांगायच्या, ते मला कधी कळलं नाही, कारण त्यातलं एक अक्षरही तू घरी आणलं नाहीस. पण एकदा तू म्हणाली होतीस, की बाई तोंडानं काय बोलते त्याच्या आधी तिची मान बोलते. नवरी "मले चालते" म्हणते तेव्हा तिला चालतं की नाही हे तुझ्या बोटांना कळायचं.

राठोड सरांबरोबरचा तो डाव तुला आठवतो का? शाळेत गणित शिकवणारा माणूस, खेळायचाही तसाच, नीट. त्यांनी आकडा वाढवला, तू ब्लाइंडवरून डावात राहिलीस. मधे सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडले, ज्याला फ्लॉप म्हणतात; त्यानंतर आणखी दोन एकेक करून उघडतात. सरांनी टिकल्या लावल्या. आम्ही सगळे धरून चाललो की आता तू सोडणार, कारण फ्लॉप उघडल्यावर ब्लाइंडवाल्याची पंचाईत असते. त्यालाच आधी बोलावं लागतं, आणि दुसरा निवांत मागून बघत असतो. तू सरांकडं पाहिलंस, तेवढ्याच टिकल्या घातल्यास. पुढच्या पत्त्याला सर थांबले. त्याच्या पुढच्याला तू लावलंस आणि सरांनी पत्ते टाकले.

घरी येताना स्कूटरवर मी विचारलं, "तुझ्यापाशी काय होतं?"

"काईच नव्हतं."

"मग काहून राह्यली?"

"सराइपाशीबी नव्हतं. तीन पत्ते उघडले का तुमी पयलेच धरून चालता, समोरच्याले लागलं असंन. आपल्याले लागत नाई तं त्याले दर खेपेस कसं लागंन जी?"

एवढंच. लोक यावर जाडजूड पुस्तकं लिहितात, मी नंतर काही चाळलीही, आणि पानापानावर मला तुझं ते स्कूटरवरचं वाक्य दिसत होतं. तू सगळ्याच डावांत चिकटून राहायचीस असं नाही. सोडायचीसही, पुष्कळदा सोडायचीस. पण फ्लॉप उघडला की तू आधी बघायचीस आणि मग सोडायचीस. मी आधी सोडायचो आणि मग बघायचो, की कोणाकडे काय होतं.

आता गोव्याची गोष्ट. ती मी तुझ्यासमोर इतक्या वेळा आणि इतक्या तावातावानं मांडली आहे, की आता तू मधे बोलणार नाहीस हे माहीत असून लिहिताना हात थांबतो.

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून आपण गेलो होतो. समुद्र बघून झाला, मासे खाऊन झाले, आणि तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "इथं ते स्पर्धा असते म्हंतेत." दुपारी सुरू होणारी स्पर्धा होती. मी नाव घातलं नाही, तू घातलंस. निळी सुती साडी, केसांना साधा क्लिप, आणि आजूबाजूला कानात हेडफोन घातलेले पोट्टे. तुझ्या टेबलावर तू एकटीच बाई होतीस. मी दोरीच्या पलीकडं उभा होतो. तिथून मला तुझी पाठ, पत्ते वाटणाऱ्या डीलरचे हात आणि मधले उघडे पत्ते दिसायचे. तुझे पत्ते दिसत नव्हते.

संध्याकाळ होईपर्यंत निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी झाली, आणि तू अजून बसलेली. टिकल्या फार नव्हत्या, पण कमीही नव्हत्या. समोर एक गोरा, काळा चष्मा लावलेला पोट्टा होता, ज्याच्यापुढं टिकल्यांच्या भिंती उभ्या होत्या. तुझ्यावर बिग ब्लाइंडची पाळी आली की तो दर वेळी आकडा वाढवायचा. त्याला वाटत असावं, ही काकू सोडून देईल. दोनदा तू सोडलंसही. तिसऱ्या वेळी राहिलीस.

फ्लॉप उघडला: बादशा, छक्की, दुर्री. तू बोटानं टेबलावर टकटक केलंस, म्हणजे मी काही लावत नाही, तू बोल. त्यानं थोडंसं लावलं. तू तेवढं घातलंस. पुढचा पत्ता, दश्शी. तू पुन्हा टकटक. या वेळी त्यानं चांगला मोठा ढीग सरकवला. तू कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होतीस. मी मनात म्हणालो, हिच्याकडे बादशा आहे. तू घातलंस. मग शेवटचा पत्ता: एक्का. तुझी टकटक. आणि त्या पोट्ट्यानं आपलं सगळं मधे ढकललं. तुला राहायचं असेल तर तुझं सगळं घालावं लागणार होतं. हरलीस तर स्पर्धा तिथंच संपणार होती.

आजूबाजूच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. आणि तू बसली होतीस. तुझी पाठ मी त्याआधी वीस वर्षं पाहत होतो, पण ती तशी कधी पाहिली नव्हती. ताठ नव्हती, वाकलेली नव्हती. स्वयंपाकघरात भात शिजायची वाट बघत उभी असतेस ना, तशी. एवढ्या लोकांच्या नजरा अंगावर असताना एखादं माणूस इतकं आपल्या घरी असल्यासारखं कसं बसू शकतं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मग तू तुझे दोन पत्ते पालथेच पुढं सरकवलेस. सोडलंस. त्या पोट्ट्यानंही आपले पत्ते न दाखवता फेकले.

मला आठवतं ते त्याच्या नंतरचं. तू उरलेल्या टिकल्या रचल्यास. फारच थोड्या उरल्या होत्या. पुढचे पत्ते आले, तू ते उचललेस, अगदी तसेच, जसे दुपारी पहिले पत्ते उचलले होतेस. चेहरा वळवून माझ्याकडं पाहिलं नाहीस. मी असतो तर उरलेलं रागानं पुढच्याच डावात ढकलून दिलं असतं आणि समुद्रावर जाऊन बसलो असतो. तू त्या मूठभर टिकल्यांवर आणखी कितीतरी वेळ टिकलीस. तो चष्मेवाला तुझ्या आधी बाहेर गेला. शेवटच्या टेबलाच्या अगदी दारापाशी तू गेलीस, उठलीस, डीलरला नमस्कार केलास, आणि येऊन मला म्हणालीस, "भूक लागली."

जेवताना तू सांगितलंस की तुझ्याकडे किल्वरची छक्की आणि सत्ती होती. छक्कीची जोडी. बादशाच्या जोडीपुढं ती काहीच नाही.

"छक्कीच्या जोडीवर तू दोनदा राह्यली?"

"राह्यलो ना."

"आन मंग तिसऱ्यांदा सोडलं? राह्याचं होतं तं शेवटपर्यंत राह्याचं. सोडाचं होतं तं फ्लॉपलेच सोडाचं. हे मधेच काय?"

"फ्लॉपले जे बरोबर होतं ते शेवटच्या पत्त्याले बरोबरच असंन, असं कोनं सांगतलं? दर पत्त्याले नवं पाहा लागते जी."

"तो फेकत होता. एक्का आला म्हणून भेव दाखवत होता."

"नाई. पयल्या दोन्ही खेपेस त्याची मान आखडून होती. शेवटच्या खेपेस ढिली झाली."

त्यावर मी म्हणालो की मानेवरून कोणी स्पर्धा सोडत नाही. आणि तू म्हणालीस, "मी सोडली नाई. मी तो डाव सोडला."

हा वाद आपण परतीच्या गाडीत वर्ध्यापर्यंत केला. मग घरी केला. मग दर महिन्यादोन महिन्यांनी केला, भाजी निवडताना, स्कूटरवर, पाहुणे गेल्यावर. मी कागदावर गणित मांडायचो. राठोड सरांना पंच नेमायचो. इरफान म्हणायचा, "भाऊ, भाभी बरोबर असंन," आणि मी त्याच्यावरही घसरायचो. माझं म्हणणं अजून बदललेलं नाही. तो फेकत होता.

पण एक गोष्ट होती. त्या संध्याकाळी, त्या डावानंतरच्या सुट्टीत, तो पोट्टा चष्मा काढून तुझ्याजवळ आला होता. चहाच्या काउंटरपाशी तो काहीतरी बोलला, तू मान हलवलीस, आणि तुम्ही दोघंही हसलात. मी दुरून पाहिलं होतं.

"काय म्हणला तो?" मी विचारलं.

"त्याचे पत्ते सांगतले."

"काय होते?"

"नाई सांगत."

मला वाटलं, घरी गेल्यावर सांगशील. सांगितलं नाहीस. वाढदिवसाला मागितलं, नाही. चिडून विचारलं, नाही. एकदा तापानं फणफणलो होतो, तेव्हा दया येईल म्हणून विचारलं, तर तू कपाळावरची पट्टी बदललीस आणि म्हणालीस, "ताप उतरू द्या पयले." उतरल्यावरही सांगितलं नाहीस.

गेल्या हिवाळ्यात पांढरकवड्याहून तुझ्या मैत्रिणीच्या पोराचं लग्न आटोपून आपण येत होतो. हायवेला सरकीच्या ट्रकमागं अडकलो होतो. मी पुन्हा तोच विषय काढला, की बघ, त्या पोट्ट्याकडे एक्का असता तर त्यानं दश्शीला एवढं लावलंच नसतं, आणि बोलत बोलत किती वेळ गेला कळलं नाही. मी थांबलो तेव्हा तू खिडकीबाहेर बघत हसत होतीस.

"काहून हसून राह्यली?"

"लग्न झालं तवापासून तुमी मुकेच होते. हो, नाई, बरं, एवढंच. मले वाटे, याइचं माझ्यासंगं काई बोलाचं नाईच का. गोव्याहून आलो तवापासून तुमी बोलून राह्यले. मी ते पत्ते सांगतले तं तुमचं बोलणं बंद होईन ना जी."

ट्रक बाजूला झाला, मी गाडी पुढं काढली. उज्ज्वला, त्या वेळी काहीतरी म्हणायला हवं होतं. ते काय, ते अजून मला शब्दांत सापडत नाही. मनाशी म्हटलं, घरी जाऊन बोलू, आहे की वेळ. आणि घरी गेल्यावर नेहमीसारखं कुलूप उघडलं, दिवा लावला, तू दूध तापवायला ठेवलंस.

त्यानंतर एका सकाळी तू पार्लरमध्ये गेलीस ती गेलीस. एका बाईंच्या भुवया करत होतीस. एक झाली होती, दुसरी बाकी होती. "थोडी बसतो मी," म्हणालीस आणि खुर्चीत बसलीस. त्या बाई तुझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, आणि दोन दिवसांनी घरी भेटायला आल्या तेव्हाही त्यांची ती भुवई तशीच होती. मी तिकडं बघतोय हे त्यांना कळलं. म्हणाल्या, "दुसरीकडे जायले मन होत नाई भाऊ." मला तुझ्या हाताचं इतकं कौतुक कधी कोणी केलेलं आठवत नाही.

आपली प्रज्ञा पुण्याला परत जाताना म्हणाली, "बाबा, गोव्याचा तो मुलगा शोधता येईल. स्पर्धेत खेळणारे लोक एकमेकांना ओळखतात. मी विचारू का?" मी नको म्हणालो. तिला वाटलं, मला त्रास होईल म्हणून. तसं नाही. त्यानं तुला सांगितलं, आणि तू ते एवढी वर्षं जपलंस, माझं बोलणं चालू राहावं म्हणून. माझा एवढा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही. त्याच्याकडं एक्का होता की नव्हता, हे आता त्या मुलाच्या तोंडून ऐकून मी काय करू. बघ, मी अजून बोलतोच आहे.

या रविवारी मी गॅरेजला गेलो. इरफान घ्यायला आला होता, म्हणून गेलो. माळ्यावर सगळे होते. तुझी खुर्ची होती, आणि तिच्यापुढं इरफाननं तुझ्या वाटच्या टिकल्या रचून ठेवल्या होत्या. आता प्लास्टिकच्या आहेत, पण त्यानं तुझ्यासाठी जुने वायसर काढले होते. स्पर्धेचा नियम आहे ना, नाव घातलेला माणूस आला नाही तरी त्याला पत्ते वाटायचे, त्याची पाळी आली की त्याच्या ब्लाइंडच्या टिकल्या मधे घालायच्या, आणि डाव त्याच्यापर्यंत आला की त्याचे पत्ते उचलून घ्यायचे. इरफान कोणाला काही न विचारता तसंच करायला लागला.

तुझा बिग ब्लाइंड आला. कोणीच आकडा वाढवला नाही. एकेकानं पत्ते टाकले, आणि मधल्या टिकल्या तुझ्याकडंच परत गेल्या. पुढच्या फेरीतही तसंच. त्याच्या पुढच्याही. दोघं जण हरून उठले आणि तुझी रास जशीच्या तशी. राठोड सर म्हणाले, "मॅडम न येताच आमच्या पुढं चालल्या." सगळे हसले. मीही हसलो, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

मग इरफान पत्ते पिसता पिसता खाली बघत मला म्हणाला, "प्रमोदभाऊ, भाभीले हे पटलं नसतं."

नसतंच पटलं. मी एकदा मुद्दाम तुझ्या ब्लाइंडवर चांगले पत्ते टाकून दिले होते, तर तू माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नव्हतीस. मी म्हणालो होतो, बायको आहेस म्हणून सोडलं. तू म्हणाली होतीस, "बायको घरी हाय. इथं मी खेळाले आलो."

तुझा ब्लाइंड पुन्हा आला. माझ्या हातात दश्शी आणि गुलाम होता. माझ्या आधीच्यांनी पत्ते टाकले. मी आकडा वाढवला. माझ्या शेजारच्यानं पत्ते टाकले, आणि बोलायची पाळी तुझ्यावर आली.

इरफाननं तुझे पत्ते तिथंच उचलायला हवे होते. त्याचा हात त्यांच्यावर गेला आणि थांबला. राठोड सरांनी चष्मा काढून हातात धरला. खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज संपला. तू विचार करायला जेवढा वेळ घ्यायचीस, तेवढा वेळ त्यानं हात तसाच ठेवला.

मग त्यानं तुझे पत्ते न उलटता उचलले, मधल्या टिकल्या माझ्याकडं सरकवल्या, आणि पुढचा डाव वाटला.